पट्टा पळतो, बोरी तिथंच

९ ऑक्टोबर, गुरुवार

सडक अर्जुनीच्या डॉक्टरनं सांगितलं, बाई, राग माणसांवर काढू नका, वहीत काढा, बीपी खाली येईल. घ्या मग, काढते.

आज पट्टा आला. ट्रकमधून उतरवताना त्याचा एक पाय वाकला, आणि ड्रायव्हर म्हणे, "वो पहले से टेढ़ा था." पहिल्यापासून वाकडा होता म्हणे! मी काय आंधळी आहे?

लिहायचं तर नीट लिहावं. आमची राइस मिल सौंदडला. हे होते तोवर हेच सगळं पाहत. हे गेले, तेव्हापासून मी पाहते. धान घ्यायचं, भरडायचं, तांदूळ बोऱ्यांत भरायचा, ट्रकवर चढवायचा. चढवायचं काम भोजराज आणि त्याच्या हमालांचं. भोजराज मिसरूड फुटली तेव्हापासून आमच्याकडे आहे, आता त्याची पाठ सरळ होत नाही. टोळीतले पोट्टे हैदराबादला निघून गेले, उरले ते सगळे त्याच्याच वयाचे. म्हणून हा पट्टा घेतला, एका बंद पडलेल्या गोदामातून. खालच्या टोकाला बोरी ठेवायची, मोटर चालू करायची, बोरी आपली वर चढत ट्रकमध्ये जाईल. जाईल म्हणतात.

संजू, माझा एकुलता एक, रायपूरला कंपनीत आहे. त्याला मिल नको. मे महिन्यात त्याचं लग्न केलं. सून रुची गोंदियाची, बीएस्सी झालेली. रायपूरला घर मिळेस्तोवर ती माझ्याजवळ आहे. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, झाली की घेऊन जातो म्हणाला.

ती गेली की मी एकटी. गुडघे ऐकत नाहीत. पलीकडच्या मिलचा मुन्नालाल आठवड्याला एकदा येतोच, "भाभीजी, विकायची का?" मला विकायची नाही. रुचीनं इथं राहावं, मिल हातात घ्यावी, असं माझ्या मनात आहे. तिला सांगितलं का? नाही. सांगायचं काय त्यात? डोळे आहेत ना तिला.

पण लक्षण दिसत नाही. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिला मिलवर नेलं. धानाची ओल कशी पाहायची, हमालांची हजेरी, रिकाम्या बोऱ्यांचा बारदाना, लाइटबिल, घरचा स्वयंपाक, पोळ्याला काय काय करायचं, सगळं सांगून टाकलं. एक गोष्ट धड धरत नाही पोरगी. एक उचलते तोवर दुसरी सुटते. मागंच राहते.


१३ ऑक्टोबर, सोमवार

डोक्याचा भुगा झाला आज.

पट्ट्याची पूजा केली, नारळ फोडला, मोटर चालू केली. भोजराजनं पहिली बोरी ठेवली. पट्टा भुर्र पळतो आणि बोरी बसल्या जागी थरथरते! पट्टा तिच्या बुडाखालून निघून जातो, ही ढिम्म. मग जराशी सरकली, मग आणखी जराशी. वर पोचेस्तोवर भोजराजचा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून झाला. तोवर मागच्या बोऱ्या एकमेकींवर आदळून राहिल्या.

"बाई," भोजराज म्हणतो कसा, "पट्टा तं रायपूरले पोचला असंल, बोरी अजून सौंदडलेच आहे."

सगळे हमाल हसले. मी नाही हसले.

मिस्त्रीला म्हटलं, वेग वाढव. जोरात पळेल तर जोरात ओढेल. त्यानं पुली बदलली. दुपारनंतर पुन्हा चालू केलं. आता पट्टा असा पळे की बघून चक्कर यावी, आणि बोरी? तेवढीच! वरून जळका वास सुटला. प्लास्टिकच्या बोऱ्यांची बुडं घासून पातळ झाली, एकीतून तांदूळ गळला.

रुची बाजूला उभी होती मोबाइल धरून. मला वाटलं व्हिडिओ काढते. तर म्हणते, "मम्मीजी, टाइम तेवढाच लागून राहिला. पहिले जेवढा लागला होता तेवढाच."

मी म्हटलं, "घड्याळ लावून बोरी वर चढते का? जा, चहा टाक."


१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी स्वयंपाकघरात या बाईसाहेबांनी माझी शाळा घेतली. ओट्यावर दुपट्टा अंथरला, त्याच्यावर वरणाची वाटी ठेवली. दुपट्ट्याला हिसका दिला. दुपट्टा आला, वाटी मागंच राहिली. मग हळूच ओढला, वाटी दुपट्ट्याबरोबर पुढं आली.

"बोरी थांबलेली आहे, पट्टा पळून राहिला," म्हणते. "तिला ओढते कोण? घर्षण. दुसरं तिला कोणी हातच लावत नाही."

"घर्षण अडवते," मी म्हटलं. "मीही सातवी शिकली आहे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, ते घर्षण."

"ते घसरणं अडवते, मम्मीजी. चालणं नाही अडवत. बोरी पट्ट्यावर मागं घसरून राहिली ना, म्हणून ते तिला पुढं ओढते. दोघांचा वेग एक होईस्तोवर घासत राहते. एक झाला की घासणं बंद."

"मग? वेग वाढवला तर जास्त ओढेल!"

"इथंच तं गडबड आहे ना! ओढायचा जोर तेवढाच राहते. तो बोरीच्या वजनावर आहे आणि पट्टा किती खरखरीत आहे त्याच्यावर. पट्टा जास्त पळवला तर बोरीला त्याला गाठायला आणखी लांब जावं लागते. आपला पट्टा तेवढा लांबच नाही. ती गाठायच्या आधी वर पोचून जाते, घासत घासत."

बोलताना तिचे हात असे चालत होते जसे काही तीच बोरी ओढून राहिली. पाच महिन्यांत इतकी बोललेली मी पाहिली नव्हती. पण घासल्यानं वस्तू पुढं जाते, ही गोष्ट माझ्या काही डोक्यात बसत नाही. घासल्यानं झिजते, एवढं मला माहीत आहे. आणि दोन्ही वेळा वरण सांडलं ते कोणी पुसायचं? मीच पुसलं.


१८ ऑक्टोबर, शनिवार

लिहायची लाज वाटते, पण डॉक्टरची आज्ञा आहे.

सासऱ्यांच्या काळी आमच्याकडे धान भरडायचं, इंजिनवर चालणारं हलर होतं. त्याचा पट्टा पुलीवरून घसरायला लागला की मामाजी चिमूटभर राळ कुटून टाकायचे. पट्टा असा चिकटायचा की काय बिशाद सुटायची! काल ते आठवलं. म्हटलं, बीएस्सी नाही केली तर काय झालं. गोंदियाहून राळ मागवली, बारीक कुटली, आणि आज कोणी यायच्या आधी सगळ्या पट्ट्याला चोपडून टाकली. खरखरीत पाहिजे ना? घे खरखरीत.

आमचे हमाल बोरी ठेवतात ती उभीच. पुढच्या माणसाला पाठीवर घ्यायला सोपी जाते म्हणून, बापदाद्यापासून तसंच. पहिली बोरी उभी ठेवली. बुडाला पट्ट्यानं असं धरलं की खालून झटका आणि वरून बोरी मागं धाडकन! दुसरी आडवी टाकली. ती गेली, मस्त गेली, माझा ऊर भरून आला. वर ट्रकजवळ पोचली आणि पट्टा सोडेनाच तिला. पट्टा खाली वळला तसा बोरीचं तोंडही आत ओढलं गेलं, शिलाई उसवली, आणि ट्रकमध्ये हात पसरून उभा असलेल्या भोजराजच्या डोक्यावर अख्खा तांदूळ.

भोजराज तसाच उभा. मग म्हणाला, "बाई, अक्षता तं पडल्या. आता नवरीबी पाहून द्या."

हसायचं का रडायचं! दुपारपर्यंत तांदळाच्या पॉलिशचा कोंडा उडून उडून त्या राळेत बसला. पट्टा खरूज झालेल्या कुत्र्यासारखा दिसायला लागला.

रुचीनं पाहिलं. पदर खोचला, आणि मिल झाडायला येते त्या धुरपताबाईला घेऊन गरम पाण्यानं, साबणानं, उलथन्यानं पट्टा खरवडत बसली. अजून बसली आहे. माझ्या सासूनं असा घोळ केला असता तर मी दहा गोष्टी ऐकवल्या असत्या, मनातल्या मनात का होईना, तोंडावर दिसलं असतं. हिच्या तोंडावर काही नाही. मला वाटते तिला कशाची ओढच नाही. दिवस मोजून राहिली असेल मंडईपर्यंतचे.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. संजू आला होता, आज गेला. रायपूरला घर मिळालं. तिसरा माळा, लिफ्ट आहे, म्हणे स्वयंपाकघरात खिडकीतून तलाव दिसतो. मोबाइलवर फोटो दाखवत होता. रुची पाहत होती, हो हो म्हणत होती, आणि मधूनच विचारते, "तुमच्या कंपनीत जुने रोलर विकतात का? भंगारातले?"

संजू म्हणाला, "काय करायचे?"

"काही नाही," म्हणाली.

नवऱ्यानं घर दाखवावं आणि बायकोनं भंगार विचारावं! डोकंच ठिकाणावर नाही.

जेवताना संजूनं सरळ विचारलं, "आई, मंडईनंतर हिला नेलं तर तुझं कसं होईल?" इथं बोलायला पाहिजे होतं. बोलले काय, तर "माझं काय व्हायचं आहे? घेऊन जा. इथं तसंही काय कामाची आहे."

रुची पोळ्या वाढून राहिली होती. तिचा हात थांबला थोडा. पोळी गरम लागली असेल.


४ नोव्हेंबर, मंगळवार

त्या पोरीनं आज सगळ्या हमालांसमोर माझी इज्जत काढली!

झालं असं. नवीन धान सुरू झालं. ट्रक सकाळपासून लागलेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून जीव घेत होता. राळ निघाल्यावर रुचीनं मिस्त्रीकडून जुनी पुली बसवून घेतली होती, म्हणजे पट्टा हळू. बोऱ्या जात होत्या, पण घसरत, रखडत. मला सहन होईना. मी मिस्त्रीला म्हटलं, टाक ती मोठी पुली. त्यानं टाकली. बोऱ्या पुन्हा तोंडाशीच तुंबल्या, एकीवर एक चढली, आणि वरची कोसळली ती भोजराजच्या पायाशी. अगदी अंगठ्याजवळून गेली.

कुठून आली कोण जाणे, रुचीनं धावत येऊन खटका दाबला. पट्टा बंद.

"चालू कर," मी म्हटलं.

"नाही करणार."

"रुची, ट्रक थांबला आहे!"

"थांबू द्या! बंद म्हणजे बंद! कोणी हात लावायचा नाही खटक्याला!"

"मिल कोणाची आहे?" मी ओरडले.

"मिल तुमची, पाय भोजराजकाकाचा!"

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. मी तिथून निघून आले. आणखी तिच्याकडे पाहत राहिले असते तर माझं डोकं फुटलं असतं.

घरी आल्यावर ती मागून आली, आणि इथं तर बांधच फुटला. "मी कामचोर नाही, मम्मीजी. ओल पाहायला शिकत होती, तं तुम्ही हजेरी दिली. हजेरी समजून राहिली होती, तं बँकेत पाठवलं. तिकडून आली तं पोळ्याच्या करंज्या. एक गोष्ट हाताला लागायच्या आत दुसरी! आणि आल्यागेल्याला सांगता, सून मागं राहते."

मी म्हटलं, "मला कोणी शिकवलं होतं? अंगावर पडलं, केलं."

"मग तुम्हाला कसं वाटलं होतं तेव्हा?"

हे काय विचारणं झालं! पहिलं वर्षभर मी कोंड्याच्या खोलीमागं जाऊन रडत होते, ते हिला कायले सांगू?

मग मीही सोडलं नाही. चहात साखर जास्त, दाराला कडी लावत नाही, आमच्या पोवारी बोलीत बोललं तर हिंदीत उत्तर देते, जे होतं नव्हतं ते सगळं काढलं. तिनंही काढलं. मी घोरते म्हणे! शेवटी दोघींचाही घसा बसला. मग तिनं भात टाकला, मी चटणी वाटली. जेवलो. ट्रक भोजराजच्या टोळीनं पाठीवरच भरला.


८ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस झाले, रोज भांडण. आधी ही मुकी होती, आता तोंड बंदच होत नाही. तांदूळ तीनदा धुवायचा की चारदा, इथून सुरू.

त्यातच तिनं एक नवीन खूळ काढलं. मोठ्या पट्ट्याच्या आधी एक छोटा पट्टा! संजूकडून रोलर आले, धान वर नेणाऱ्या जुन्या एलिव्हेटरचा पट्टा आमच्या भंगारातच होता, आणि मिस्त्री तिच्या ताटाखालचं मांजर झालेला. हा छोटा पट्टा चालतो कसा, तर गोगलगाईसारखा. मी म्हटलं, "आधीच उशीर होते, त्यात हे आणखी एक लांबण!"

"लांबण नाही. बोरीला आधी थोडं चालायला लावायचं. मग मोठ्यावर गेली की तिला उरलेलंच गाठायचं राहते."

"आणि मोठा?"

"मोठा जुन्या पुलीवर. पळवायचा नाही."

मी म्हटलं, वर पत्रा टाक आधी. पॉलिशचा कोंडा सारखा पट्ट्यावर पडतो. कोंड्यात तेल असते, बोटाला लावून पाहा, बुळबुळीत लागते. त्याच्यावर तुझं घर्षण काय डोंबल करेल? ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिनं खरंच बोटाला लावून पाहिला. म्हणाली, "हे तुम्ही पहिले काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं का?"

पत्र्यावरून भांडलो, पत्रा तिरपा की सरळ. तिरपा टाकला, माझ्या म्हणण्यानं. हमालांना बोरी आडवी ठेवा सांगितलं, त्यावरून भोजराज भांडला. त्याला मी गप्प केलं.

दुपारी चालू केलं. छोट्या पट्ट्यावर बोरी आडवी ठेवली, ती जागची हलली, चालायला लागली, मोठ्यावर गेली, एक क्षण जराशी घासली आणि मग पट्ट्याची होऊन वर गेली. दुसरी. तिसरी. एका मागं एक, जशा बाया पाण्याला निघाल्या. मोठा पट्टा सावकाश चालत होता, आणि ट्रक जेवणाच्या आधी भरून झाला! हमाल नुसते उभे राहून पाहत होते. भोजराजला हातांचं काय करावं सुचेना, शेवटी त्यानं ते पाठीमागं बांधले.

रुचीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पत्रा चांगला बसला." आणखी काय म्हणणार होते!


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरकडे गेले. बीपी बरोबर निघालं. मी म्हटलं, दहा दिवस मी सारखी भांडून राहिली, बरोबर कसं येईल? पुन्हा मोजा. पुन्हा तेवढंच. मशीन बिघडलं असेल त्याचं.


१७ नोव्हेंबर, सोमवार

काल मंडई झाली. गाव पाहुण्यांनी फुललं होतं, घरोघरी लेकी-जावई. संजू आला. दुपारी मंडईत फिरलो, रुचीनं बांगड्या भरल्या, मला जिलेबी खाऊ घातली, आणि आकाशपाळण्याजवळ उभी राहून त्याच्या मोटरीकडे पाहत बसली. संजू म्हणाला, "चल, आवरायचं आहे."

आज सकाळी तिची बॅग ओसरीत होती. संजू गाडी पुसत होता. रुची माझ्याजवळ आली, पाया पडली, आणि उठून तशीच उभी राहिली.

"मम्मीजी, मी जाऊ?"

काय विचारलं तिनं! आणि काय म्हणाले मी? "जा ना. कायले थांबतेस?"

ती तरी उभीच होती. मी म्हटलं, "डबा घेतला का?" घेतला म्हणाली.

गाडी गेली. जिभेला काय झालं होतं माझ्या? जगाशी भांडते मी, ट्रकवाल्याशी, बँकवाल्याशी, मुन्नालालशी. एवढं एक 'राह' म्हणायला काय जड होतं? आग लागो माझ्या या स्वभावाला.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पट्टा चांगला चालतो. सकाळी चालू करतात, संध्याकाळी बंद करतात. एक बोरी घसरत नाही. मला त्याच्याकडे पाहवत नाही.

चहा कमी साखरेचा करून पिते. कोणी काही म्हणत नाही. तांदूळ तीनदाच धुतला, कोणी काही म्हणत नाही. भोजराजशी भांडायचा प्रयत्न केला, तो हौ बाई, हौ बाई करतो. हौ बाईशी काय भांडायचं!

मुन्नालाल आला. यावेळी मी नाही म्हटलं नाही. "पाहू," म्हटलं. त्याचे डोळे असे चमकले! पुढच्या आठवड्यात भावाला घेऊन बोलणी करायला येतो म्हणाला. ये बापा. असल्या गुडघ्यांवर मिल कुठवर चालवू? सासऱ्यांची, यांची, माझी मिल, जाऊ दे आता. लिहिताना रडू येऊन राहिलं. माणसावर नाही, वहीवर काढते आहे, डॉक्टरसाहेब.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी रुचीचा फोन. तलाव कसा, लिफ्ट कशी, काही सांगितलं नाही. पहिलंच विचारलं, "मम्मीजी, पट्टा कसा आहे?"

मी ऑफिसात होते. बाहेर पट्टा चालू, बोऱ्या एका रांगेत वर जाऊन राहिल्या होत्या, खिडकीतून दिसत होत्या. तोंड उघडलं चांगला आहे म्हणायला.

"घसरतात," म्हटलं.

"घसरतात? सगळ्या?"

"सगळ्या. जागची हलत नाही एकही. पत्रा पडला. मिस्त्रीचं डोकं चालत नाही. मुन्नालाल बोलणी करायला येऊन राहिला शनिवारी, मी मिल देऊन टाकते."

ती मग म्हणते, "मम्मीजी, पाठीमागं पट्ट्याचा आवाज येऊन राहिला."

"रिकामा चालून राहिला," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

या वयात काय खोटं बोलले मी! आणि तेही कसं, पोरासोरांसारखं. तिला कळलं असेल. कळू दे. आता ती हसेल, संजूला सांगेल, दोघं हसतील. हसा.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुपारच्या गाडीनं आली. कोणाला कळवलं नाही. मला कळलं ते धुरपताबाई पळत आली तेव्हा, "सुनबाई टेसनावून येऊन राह्यल्या पायी!"

भोजराजकडे धावले, "पट्टा बंद कर! एक-दोन बोऱ्या तिरप्या टाक!"

"कायले बंद करू बाई? ट्रक अर्धा भरला."

"सांगते ते ऐक ना बाबा!"

तोवर ती फाटकातून आत. हातात तीच बॅग. पट्ट्याजवळ येऊन उभी राहिली. बोऱ्या एका मागं एक, सरळ, आडव्या, वर जात होत्या. पत्रा जागेवर, तिरपा. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. आणि त्यात भोजराज! छाती काढून म्हणतो, "पाहा सुनबाई, तुमी गेल्यापासून एक बोरी घसरली असंल तं माझं नाव बदला!"

रुचीनं जाणाऱ्या एका बोरीवर हात ठेवला. बोरीबरोबर दोन पावलं चालली. मग हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याकडे पाहत होते.

तिनं मोबाइल काढला. "हाँ, पहुंच गई," संजूला म्हणाली. "हाँ, देख लिया. बहुत खराब हालत है. नहीं, मिस्त्री के बस का नहीं है. मुझे ही रुकना पड़ेगा. सीज़न भर तो लगेगा. तुम शनिवार को आ जाया करो." मग थोडं ऐकलं, आणि हसून म्हणाली, "हाँ बाबा, मालूम है तुम्हें मालूम है."

भोजराजचं तोंड उघडंच राहिलं. इतका चांगला पट्टा, त्याची डोळ्यांदेखत बदनामी! तो काही बोलणार, तर मी डोळे वटारले.

फोन ठेवून ती माझ्याजवळ आली. "मम्मीजी, तुमचं खोटं झालं, माझंही झालं. आता खरं काय ते बोला."

सगळे हमाल पाहत होते. म्हटलं, पाहू द्या.

"राह," म्हटलं. "इथंच राह. तुझ्याशिवाय मला करमत नाही. मिल घे तू, सगळी घे, मी मुन्नालालला नाही म्हणून सांगते आजच, बँकेत तुझं नाव टाकते, धानवाल्यांना बोलावते उद्याच..."

"मम्मीजी," तिनं माझा हात धरला. "घेते. पण एकदम सगळी नका देऊ."

मी थांबले. मागं पट्टा चालू होता.

"बरं," म्हटलं. "उद्या फक्त धानाची ओल पाहा."